शाकाहारी मासा

शेजारच्या गुरुराजने मारुती घेतली, तेव्हा वरुणरावाने समुद्र घ्यायचं ठरवलं. मोटार काय, हप्ते भरले की कुणाच्याही दारात उभी राहते. पण तंजावरात, चहूकडे भाताची शेतं असताना, हॉलमध्ये खारा समुद्र बाळगणारा बँकेतला साहेब एकच असणार होता. नागपट्टणमहून बसच्या टपावरून कॅनमध्ये बसून समुद्र आला, मागोमाग खडक आले आणि मद्रासहून निळ्या-नारिंगी नक्षीचा, बोटाएवढा मासा आला. नव्याने उघडलेल्या इंटरनेट केंद्रातून वरुणरावाने कागदांचा गठ्ठा छापून आणला आणि चार दिवसांत तो सागरतज्ज्ञ होऊन बसला.

घरात अडचण एकच होती आणि ती सोवळ्यात असायची. चंद्रमती आत्या. आईवेगळ्या वरुणरावाला तिनेच लहानाचा मोठा केला होता. तिच्या स्वयंपाकघरात कांद्यालासुद्धा मज्जाव होता. टाकीकडे बघून तिने एवढंच विचारलं, "हा खातो काय रे?"

"शाकाहारी आहे, आत्ये. पाल्यावर जगतो," वरुणराव पापणी न लववता म्हणाला.

पाला कसला! त्या नवाबाला कोरडा खाऊ चालत नव्हता, जिवंत किडे लागत, तेही तिळाहून बारीक. त्यासाठी मोठ्या टाकीला लागून वरुणरावाने एक छोटी टाकी जोडली होती. कागदांत तिला रेफ्युजियम म्हटलं होतं. मासा पोहोचणार नाही अशी ती जागा. तिथे दिव्याखाली हिरव्या शेवाळाचा गुंता वाढायचा, गुंत्यात किड्यांचा संसार फुलायचा आणि त्यांतले थोडे पाण्याच्या धारेबरोबर मोठ्या टाकीत वाहत जाऊन माशाच्या तोंडी पडायचे. शेवाळ पाण्यातली घाणही शोषून घ्यायचं. घरात मात्र या टाकीचं बारसं 'माशाची बाग' असं झालं. किड्यांचा उल्लेख करायचं सागरतज्ज्ञाने टाळलं.

आत्याला मासा आवडून गेला. ती जपाला बसली की तो काचेपाशी येऊन तरंगायचा. जप संपेस्तोवर हलायचा नाही. तिने त्याचं नाव कण्णा ठेवलं. "बघ, किती सात्त्विक आहे," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि वरुणराव लगेच पंप तपासायला खाली वाकायचा.

मग कण्णा वाळायला लागला. पोट खपाटीला गेलं, पाठीची कड दिसू लागली. वरुणरावाने बागेत भिंग लावून बघितलं. शेवाळ झकास होतं, किडा औषधालाही नव्हता. त्याने दिवा बदलला, पंप बदलला, पुन्हा नागपट्टणमहून पाणी आणलं, मद्रासहून पिशवीभर किडे मागवून गुपचूप बागेत सोडले. आठवड्यात तेही गायब. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण जे घरात नव्हतेच ते हरवले म्हणून सांगायचं कसं? गुरुराजची जिरवायला आणलेला मासा, पण आता बँकेत व्हाउचरवर सही करताना त्याला तेच खपाटीला गेलेलं पोट दिसायचं. कण्णा मरणार या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी एका सकाळी बँकेत जाताना न राहवून तो अर्ध्या वाटेवरून घरी परतला. आत्या ओलेत्याने बागेपुढे उभी होती. तांब्या तांब्याने पाणी काढून ती ते चौपदरी धूतवस्त्रातून गाळून परत ओतत होती. जन्मभर पिण्याचं पाणी गाळलं तसंच.

"आत्ये! हे काय करतीस?"

"किडे पडले रे तुझ्या बागेत. रोज गाळते, तरी रोज होतात. पावम्, बिचारा शाकाहारी जीव तो! चुकून एखादा तोंडात गेला तर?"

वरुणरावाने तांब्यात डोकावलं. "आणि ते किडे? फेकलेस?"

"फेकीन कशी? जीव आहेत." तिने त्याला स्वयंपाकघरात नेऊन ओट्याखालून लोणच्याची चिनी मातीची बरणी ओढली. खाऱ्या पाण्यात शेवाळाचा गोळा तरंगत होता आणि भोवती हजारो पांढरे ठिपके तुरुतुरु पळत होते. "तुला सांगटलं नाही. तू औषध मारशील म्हणून भ्यायले."

पलीकडे हॉलमध्ये कण्णा खडकाला टेकून पडला होता. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"आत्ये, तो शाकाहारी नाही. हेच त्याचं जेवण."

आत्याने बरणीत वाकून बघितलं.

"हे अस्के? हे सगळे?"

"हो."

"म्हणजे मीच त्याला उपाशी मारत होते. रोज. जप करून उठले की."

आत्याने बरणी उचलून त्याच्या हातात दिली.

"ओत. अर्धेच. बाकीच्यांना राहूं दे, त्यांना मी वाचवलंय."

त्याने हॉलमध्ये येऊन टाकीत ओतलं. पांढरे ठिपके खाली उतरले. कण्णाने एक टिपला, थांबला, दुसरा टिपला. आत्याने डोळे मिटले नाहीत. एकेक घास बघत उभी राहिली. मग नहाणीकडे वळली. सुतकाची अंघोळ करायची होती.

वरुणरावाला जरा धीर आला. "आत्ये, मग आता घरात चालेल ना तो? मांसाहारी असून?"

"तो चालेल रे," आत्या पाठमोरीच म्हणाली. "त्यानं मला कधी खोटं नाही सांगटलं."

नहाणीचं दार लागलं. वरुणराव अर्धी बरणी छातीशी धरून तिथेच उभा राहिला.