भाड्याच्या जीपचा पाना

ठण्ण... ठण्ण... ठण्ण... मी ऐकलेला पहिला आवाज हाच. वसमतला मोंढ्यामागं एक लोहार होता. मोडक्या ट्रकच्या एक्सलचा तुकडा लाल करून तो घणानं ठोकत होता. तो तुकडा म्हणजे मी. दुखत होतं, पण त्या माणसाला माझा राग नव्हता. राग नसलेला मार मी जन्मात तेवढाच पाहिला.

मी एक व्हीलपाना आहे. जीपच्या चाकाचे नट खोलायचे आणि आवळायचे, हे माझं काम. हातभर लांबी, पुढं वाकडी मान. गुलाबचंद शेठची जीप भाड्यानं चालायची. त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलं.

माणसाची एक सवय तिथं कळली. चाक पंक्चर झालं की माणूस मला शोधत राहतो, सापडलो नाही म्हणून शिव्या देतो. भांडण लागलं की मात्र न बघता त्याचा हात बराबर माझ्यावर येतो.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात डोंगरकड्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा रणजीत जीप मागायला आला. तो पूर्वी ट्रक चालवायचा, म्हणून ड्रायव्हर नको म्हणाला. त्याची धाकटी बहीण निता सीमेपलीकडं, आंध्रातल्या तांड्यावर दिली होती. नवरा तिला मारतो, असा निरोप आला होता.

"घेऊन येतो तिला अन् लगेच गाडी लावतो, शेठ."

"गाडीला वरखडा दिसला तर तुझी चामडी काढीन, रणज्या," शेठ हसत म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा निता दारातच उभी होती. एक डोळा सुजून मिटला होता. ती गाडीत बसली, तसा तिचा नवरा नेमसिंग पुढं आडवा झाला.

"बायको माझी हाय. उतरीव तिला."

रणजीतचा हात सीटखाली आला. पुढच्या क्षणी मी नेमसिंगच्या कोपरावर बसलो. गंजलेला नट तुटतो तो आवाज कोरडा असतो. हाडाचा आवाज ओला असतो.

पळताना तिथल्या बाजारगावच्या चौकात रणजीत उलट्या बाजूनं घुसला. पोलिसानं अडवलं. मी रक्तानं माखून सीटखाली पडलो होतो, पण त्यानं वाकून पाहिलं नाही. तेलुगूत एक पावती फाडली, जीपचे कागद ठेवून घेतले आणि हिंदीत सांगितलं, "जो चला रहा था, वही कोर्ट में आके दंड भरेगा. तब कागज मिलेगा."

दंड किरकोळ होता. पण मागोमाग नेमसिंगच्या भावांचा निरोप आला. निताला परत पाठवा, नाहीतर रणजीतला कोर्टाच्या पायरीवरच तोडू.

रणजीत गेला नाही. कागदांवाचून जीप शेठच्या दारात उभी राहिली. दिवाळीपर्यंत शेठनं कळ काढली. मग आडरस्त्यानं तीच जीप घेऊन ते तांड्यावर आले. सोबत त्यांचा माणूस जळबा होता.

"भरून ये म्हणलं तर काहून जाईना तू?" शेठनं विचारलं.

"गेलो तर मारून टाकतील, शेठ."

"मग हितंच मर की," जळबा म्हणाला. "तेवढंच भाडं वाचंल."

त्याचा हात सीटखाली आला. पहिला घाव पाठीवर पडला, दुसरा बरगडीवर. तिसऱ्यानं गुडघ्याची वाटी फुटली. त्याच्या मुठीतून निसटायची मी फार धडपड केली. पण लोखंडाला आपणहून सुटता येत नाही.

निता धावत आली. "सोड! भियाला सोड माझ्या!" म्हणत तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. जळबानं हिसका दिला आणि तिच्या मनगटावर हाणलं. बांगड्या मांसात रुतल्या. तरी ती भावावर आडवी पडून राहिली. जळबानं मला पुन्हा वर उचललं.

तेव्हा तिच्याखालून रणजीत ओरडला, "थांबा! नेतो! हिला उद्याच नेऊन सोडतो अन् कागद आणतो!"

"हे आधी म्हणायला तोंड नव्हतं का तुला?" शेठ म्हणाले. जळबानं मला फेकून दिलं आणि ते दोघं निघून गेले.

याला दहा वर्षं झाली. दंड कुणीच भरला नाही. जीप शेठनं भंगारात घातली, तिचे कागद कुठल्याशा कपाटात पडले असतील. मी रणजीतच्या अंगणात अर्धा जमिनीत गाडलेला आहे. मला शेळी बांधतात. ती माझ्या मानेला अंग घासते तेव्हा बरं वाटतं. रणजीत लंगडत येऊन तिला सोडतो. निता नेमसिंगकडं गेली नाही, एवढंच कळलं. कुठं गेली, ते कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्याही गाडीत सीटखाली माझा एखादा भाऊ असेल. चाक खोलायला त्याला जरूर घ्या. राग आला तर मात्र हात सीटच्या वरच राहू द्या, बाबांनो.

त्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं. जीपची धूळ खाली बसली तरी निता भावाच्या अंगावरच होती. मग हळूहळू उठली. रणजीतनं तिच्या घागऱ्याची कड धरली.

"निता, माझी लेकरं लहान हायेत गं. तू समजून घे."

तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. मनगटाचं रक्त ओढणीला पुसलं आणि तांड्याचा उतार उतरून गेली.