मूठभर सैल

शिवणकामाच्या दुकानात मापाची टेप नाही असं कुणी सांगितलं, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण या दुकानात खरंच नव्हती. होती ती साधी पांढरी फीत, आणि तिच्यावर एकही आकडा नव्हता. दुकान दोघी बहिणींचं. मोठी मापं घ्यायची, धाकटी कापड बेतायची नि शिवायची, आणि आई खिडकीशी बसून काजं-बटणं करता करता येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. तिघी अंगानं चांगल्या भरलेल्या. गिऱ्हाइकंही तशीच, म्हणजे तयार कपडा ज्यांच्या दंडातच अडकून बसतो अशा बायका.

मोठीची रीत ठरलेली. बाईला आतल्या खोलीत न्यायचं, दार लावून घ्यायचं. खोलीत आरसा नाही. फीत अंगाभोवती फिरवायची, छाती असो की पोट, दर मापाला आपली बंद मूठ फितीच्या आत सरकवायची, म्हणजे कपडा तेवढा सैल राहतो, आणि टाचणी टोचायची. आकडा बोलायचा नाही, लिहायचा तर मुळीच नाही. कपडा अंगावर गेला की ती फीत त्या बाईसमोरच कात्रीनं कापून टाकायची. मागच्या खेपेपेक्षा वाढलो की घटलो, ही भानगडच नको. आणि माप घेताना मोठी एकच वाक्य म्हणायची, "श्वास सोडा हो. इथं कुणी बघत नाहीये."

तेवढ्या वाक्यावर हमसून हमसून रडलेल्या बायका होत्या. नवऱ्यासमोर दिवा मालवल्याशिवाय कपडे न बदलणाऱ्या बायका मोठीसमोर बिनधास्त उभ्या राहायच्या, कारण ती त्यांच्याहून चार बोटं जास्तच होती. तिच्यासमोर लाजायचं काय!

मग मोठीचे गुडघे बोलायला लागले. मागून साखर आली, दम आला. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून ती खुर्चीत बसून झोपायची. डॉक्टर म्हणाले, पोट कापून लहान करू. आईनं आकाशपाताळ एक केलं, पण मोठी गेली आणि करून आली. दीड वर्षात ती निम्मी झाली.

आता खोटं कशाला बोला, फायदा झाला. खूप झाला. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. ती पलंगावर पाय पसरून झोपायला लागली. बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या त्या दिवशी तर तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाकडे ती जिन्यानं गेली आणि वर पोचल्यावर तिला बोलता येत होतं. ज्याचे गुडघे कधी दुखले नाहीत त्याला यातलं काय कळणार?

पण बाकीचं कुणी विचारत नव्हतं. जेवण म्हणजे सहा चमचे, तेही मोबाइलवर गजर लावून. जेवताना पाणी नाही, पाणी पिताना जेवण नाही. सातवा चमचा गेला की छातीत दगड. एका गिऱ्हाइकानं प्रेमानं केक आणला, हिनं तिचं मन राखायला दोन घास खाल्ले, आणि पुढचा तासभर ती मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर पडून होती. घामानं चिंब, काळीज धाडधाड. केस तर मुठीनं गेले. आणि अंगावरची कातडी? ती कुठं जाणार! ती लोंबत राहिली. रोज सकाळी मोठी ती गोळा करून रुंद पट्ट्यात आवळायची आणि वरून कपडे घालायची. त्या पट्ट्याचे वळ संध्याकाळी दुखायचे. हे तिनं कुणाला दाखवलं नव्हतं.

सांगणार कुणाला? जो येईल तो "बाई बाई, काय दिसतेस!" म्हणून गालावर हात ठेवणार. आई तर आधी इतकी विरोधात, पण आता रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून मुलगी दाखवायची. "ओळखा बघू कोण!" अशा वेळी तोंड वेंगाडून "मला त्रास होतो" म्हणायचं म्हणजे कृतघ्नपणाच. धाकटीनं एकदा विचारलं होतं, "ताई, खरं सांग, कसं वाटतं गं?" मोठी पटकन म्हणाली होती, "मस्त." तो एक शब्द तोंडातून गेला आणि ती त्यात अडकली. नंतर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तेच उत्तर, दुसरं द्यायची सोयच राहिली नाही.

आणि आता धाकटी ऑपरेशन करून घेणार होती. परवा, सोमवारी.

धाकटीला ना साखर, ना गुडघेदुखी. दिवसभर मशीनवर बसून वर गाणी म्हणणारी बाई. पण या वर्षात तिचे तीन ड्रेस एकामागोमाग एक अंगाला घट्ट झाले. मापं अर्थातच मोठीनं घेतलेली. "मी वाढतच चाललेय ताई, थांबतच नाही गं," ती म्हणायची आणि आपल्याच ड्रेसची शिवण उसवत बसायची. तिनं रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारचं निम्मं केलं. तरी पुढचा ड्रेस घट्टच. आता जुने कसले बसणार, म्हणून तिनं ते न घालून बघताच देऊन टाकले. घरात वजनकाटा नाही, कारण आईच्या मते काट्यानं आजवर कुणाचं भलं केलेलं नाही. दवाखान्यात वजन केलं तेव्हा आकडा कळला, पण त्याच्या आधीचा आकडाच कुणाकडे नव्हता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही काठावर आहात, तुमची इच्छा असेल तर करू. धाकटी म्हणाली, इच्छा आहे. गेले दहा दिवस ती नुसत्या पातळ सूपवर होती आणि गाणी बंद होती.

शनिवारी दुपारी हेडबाई आल्या. या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, दुकानाच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आवाज असा की दुकानात शिरल्या की मशीनसुद्धा शिस्तीत चालायची. पण आज त्या पिशवी छातीशी धरून, चोरी केल्यासारख्या उभ्या होत्या.

"आत चल जरा," त्या मोठीला म्हणाल्या.

आतल्या खोलीत त्यांनी पिशवीतून दोन ड्रेस काढले. एक निळा, एक करडा. "हा निळा दोन वर्षांपूर्वीचा. आजही बसतो, सकाळीच घालून बघितला. आणि हा करडा तू दोन महिन्यांपूर्वी शिवून दिलास, त्याचं बटण लागत नाही. मला वाटलं मीच सुटले. लाजेनं आलेच नाही. महिनाभर पाव खाल्ला नाही गं मी! मग आज निळा हाताला लागला. आता तूच सांग, मी वाढलेय की नाही वाढलेय?"

मोठीनं दोन्ही ड्रेस टेबलावर एकावर एक पसरले. करडा कंबरेला कमी, छातीला कमी, सगळीकडे सारखाच कमी. एखाद्या ठिकाणी कात्री चुकली असती तर एकाच ठिकाणी कमी पडलं असतं. हा तर अख्खा मापातच कमी होता.

"अंगावरचा ड्रेस काढा, पुन्हा माप घेते," ती म्हणाली.

हेडबाई उभ्या राहिल्या. मोठीनं फीत फिरवली, पोटापाशी मूठ आत घातली, आणि टाचणी टोचता टोचता थांबली. मुठीवरची अंगठी गर्रकन फिरली होती. ती बोटात राहावी म्हणून तिनं खालून दोरा गुंडाळला होता, एक थर, मग दुसरा, आता तिसरा. एके काळी हीच अंगठी साबण लावूनही निघत नसे.

ती मुठीकडे बघतच राहिली. ही मूठ! लहान मुलीची असावी एवढी. हाडं वर आलेली. दीड वर्ष ती हीच मूठ आत घालून "मूठभर सैल" कापडं बेतायला देत होती, आणि मूठ महिन्यागणिक आटत होती.

"पोट आत घेतलंय का तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

हेडबाई ओशाळल्या. "तुझ्यासमोर घेतलं जातं गं आता. पूर्वी नव्हते घेत."

म्हणजे मूठ लहान, वरून पोटं आत ओढलेली. मोठीनं येऊन गेलेल्या बायका मनातल्या मनात आठवल्या. किती जणी परत आल्याच नव्हत्या! तिला वाटलं होतं, दुसरीकडे जात असतील. त्या घरी बसून स्वतःला शिव्या घालत होत्या. आणि बाहेर मशीनवर सूप पिऊन बसलेली तिची सख्खी बहीण! मोठी स्टुलावर बसली.

"तुम्ही तसूभरही वाढलेल्या नाही, बाई. चूक माझी आहे. दोन्ही ठेवून जा, निळ्याच्या मापानं करडा उसवून सैल करून देते. आणि आज घरी जाऊन पाव खा."

हेडबाई गेल्या. मोठीनं दारातून हाक मारली, "धाकटे, आत ये."

"या दोन शिवणी संपवते गं."

"आत ये म्हणते ना!"

धाकटी आली. दहा दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मोठीनं दार लावलं आणि मूठ तिच्यापुढे धरली. "तुझी मूठ हिच्याशेजारी धर."

दोन मुठी शेजारीशेजारी आल्या. समजवायला फार शब्द लागले नाहीत, धाकटी हाडाची शिंपीण होती. तिनं एकदा मुठींकडे बघितलं, एकदा टेबलावरच्या निळ्या-करड्या ड्रेसांकडे. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"म्हणजे मी वाढलेच नाही?"

"नाही गं."

"वर्षभर मी रात्री उपाशी झोपतेय, ताई! मला आरशात स्वतःचं तोंड बघवत नाही! आणि तुला कळलं नाही? रोजचं काम तुझं!"

"नाही कळलं. मला वाटायचं माझे हात तेच आहेत. मार मला हवं तर."

"मारून काय होणार आहे?" धाकटीनं ओढणीनं नाक पुसलं. मग ती ताठ झाली. "तरी मी सोमवारी जाणार. नाही वाढले तर नाही वाढले, पण तुझ्यासारखी तर होईन. तुला सगळे बघतात. तूच म्हणालीस ना, मस्त म्हणून?"

आता आली का पंचाईत! मोठी तिथंच पुन्हा "अगं तसं नाही, पण" करत बसली असती तर सोमवार उजाडला असता. सांगून पटण्यातलं हे नव्हतं. आजवर या खोलीत तिनं शेकडो बायकांना सदरे उतरवायला लावले होते. स्वतः ती ऑपरेशननंतर एकदाही कुणासमोर उभी राहिली नव्हती. तिची बोटं बटणांवर गेली. वरचं बटण निघालं, दुसरं निघेना.

सदरा उतरला. मोठीनं पट्ट्याचे हुक एकेक करून सोडले. पट्टा खाली पडला आणि दीड वर्ष आवळून ठेवलेलं सगळं सुटून खाली आलं. पोटाची घडी मांडीपर्यंत आली. दंड पडद्यासारखे लोंबले. घडीच्या आत लाल चट्टे, वर पट्ट्याचे वळ. मोठीनं डोळे मिटून घेतले आणि नकळत पोट आत ओढलं.

"हे असं आहे," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "माझे गुडघे वाचले, माझा जीव वाचला, उद्या पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा करीन. पण मला थंडी वाजते, घास मोजून खावा लागतो, केक खाल्ला की मी मागे जाऊन पडते. जन्मभर असंच. मस्त नाही गं हे. मला ते करावं लागलं. तुला लागत असेल तर तू जा, मी तुझ्याबरोबर येईन, रात्रंदिवस उशाशी बसेन. पण माझ्या मुठीपायी जाऊ नकोस."

बाहेरून आईचा आवाज आला. "काय चाललंय गं आत एवढं?"

"माप!" दोघी एकदम म्हणाल्या.

मग मोठीला खिळ्यावरून फीत काढल्याची चाहूल लागली. धाकटीचे गरम हात पाठीमागून आले, फीत त्या लोंबत्या घड्यांवरून सांभाळून फिरली आणि पोटापाशी येऊन थांबली. फितीच्या आत एक जाडजूड मूठ शिरली.

"सोमवारी नाही जात मी," धाकटी म्हणाली. "पुढं कधी जायचं झालं तर माझं मी ठरवीन." तिनं टाचणी दातात धरली, ती काढली आणि मोठीच्या कानाशी वाकली. "श्वास सोड, ताई. इथं कुणी बघत नाहीये."

मोठीनं श्वास सोडला.