वारामापकाला घातलेली पिशवी

पद्माकर रानड्यांच्या घरात उघडं असं काही राहत नसे. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला शिवलेलं झबलं, स्कूटरला ताडपत्री. छत्तीस वर्षं वीज मंडळात काढली, त्यातली निम्मी वादळात आडवे झालेले खांब उभे करण्यात. तेव्हा आभाळ भरून आलं की हा माणूस आधी झाकाझाक करायला धावणार, यात नवल नाही. अशा माणसाला लेकीनं महिनाभर सिंगापूरला आणून ठेवलं, आणि तेही ऐन वादळांच्या मोसमात.

लेक निहारिका इथल्या विद्यापीठात वाऱ्यावर संशोधन करायची. सुमात्रा बेटाकडून समुद्र ओलांडून सकाळी सकाळी वादळांची एक रांग येते, तिला इथे ‘सुमात्रा’च म्हणतात. तासाभरात झाडं उन्मळून पाडते आणि काही न झाल्यासारखी निघून जाते. इमारतींच्या मधून जाताना हा वारा किती जोर धरतो, ते निहारिकाला मोजायचं होतं. त्यासाठी तिनं बुकित बातोक या उपनगरातल्या आपल्या इमारतीसमोर, बहुमजली कारपार्कच्या गच्चीवरच्या बागेत, रीतसर परवानगी काढून एक यंत्र बसवलं होतं. माणसाच्या उंचीचा खांब आणि वर गरगरणाऱ्या तीन वाट्या. चार महिने झाले, एकही धड वादळ त्यावरून गेलं नव्हतं. जूनअखेर तिचं कंत्राट संपत होतं. एका तरी वादळाची नोंद हाती आल्याशिवाय प्रोफेसर ते वाढवणार नव्हते, म्हणजे मग चंबूगबाळं आवरून पुण्याला परत.

“परत आलीस तर काय बिघडलं?” पद्माकरराव आठवड्यातून चारदा म्हणायचे. “पुण्यात काय वारा नाही?”

निहारिका ते हसण्यावारी न्यायची. बायको गेल्यापासून पुण्याच्या घरात ते एकटेच होते, हे मात्र दोघंही बोलत नव्हते.

त्या मंगळवारी निहारिका उजाडायच्या आतच लॅबमध्ये पळाली. सातच्या सुमारास पद्माकरराव बागेत फेऱ्या मारायला गेले, तर पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट. त्यांच्यातला वीज मंडळवाला खडबडून जागा झाला. पोरीचं एवढं महागाचं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर साधं छप्पर नाही! त्यांनी घरी जाऊन कचऱ्याची जाड काळी पिशवी आणली, वाट्यांवर चढवली आणि नायलॉनच्या दोरीनं करकचून आवळली. मग घरी परतून चहा टाकला आणि निवांत बसले. पोरीच्या काही तरी उपयोगी पडलो, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या घोटाला फोन वाजला.

“बाबा, वादळ पार पश्चिम टोकाला, तुआसला पोचलंय. वीस मिनिटांत आपल्याकडे येईल. पण आपलं यंत्र सातपासून शून्य दाखवतंय. खिडकीतून बघा ना, वाट्या फिरतायत का?”

पद्माकररावांनी कप खाली ठेवला.

“नाही फिरत,” ते म्हणाले. “मी पिशवी घातलीय त्यावर. मोडू नये म्हणून.”

निहारिकानं हळूच विचारलं, “बाबा, मुद्दाम केलंत?”

हे त्यांना फार लागलं. “जातो, काढतो,” एवढंच ते म्हणाले.

“नको. विजा असतील. राहू दे आता, खरंच वर जाऊ नका.”

पण त्यांनी फोन खिशात टाकला होता आणि स्वयंपाकघरातली सुरी हातात घेतली होती.

गच्चीच्या दारात ते थांबले. लांबवर वीज चमकली तशी त्यांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत मोजलं तरी गडगडाट नाही. अजून थोडा अवकाश होता. ते खांबापाशी गेले. रानडेसाहेबांची गाठ सोडवायला रानडेसाहेबच लागतात, असं हाताखालचे लोक म्हणत. आज साहेबांनाही ती सुटेना. ते सुरीनं दोरी कापू लागले. झाडं सळसळायला लागली होती. अर्धी दोरी कापून झाली आणि त्यांचा हात थांबला.

दहा मिनिटं इथे नुसतं उभं राहिलं तर पोरगी जुलैत घरी येईल. गाठच सुटली नाही म्हणून सांगता येईल, आणि तिला ते पटेलही. संध्याकाळी दार उघडलं की घरात दिवा लागलेला असेल, दोन ताटं मांडायची असतील. त्यांना ते इतकं हवं होतं की त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली आणि त्यांनी उरलेली दोरी एका दमात कापली.

पिशवी हातातून उडून कुठल्या कुठे गेली. वाट्या दिसेनाशा होतील इतक्या वेगानं फिरू लागल्या. पावसाच्या पहिल्या सरीत भिजतच पद्माकरराव कसेबसे जिन्यात शिरले, आणि मागोमाग वादळ इमारतीवर येऊन आदळलं.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला तेव्हा ते भिजलेल्या अंगानं जिन्यातच बसले होते.

“सेकंदाला तेवीस मीटर!” निहारिका धापा टाकत होती. “सगळी नोंद मिळाली. सर म्हणाले, कंत्राट दोन वर्षं वाढवतो. बाबा, ऐकताय ना?”

“छान झालं,” ते म्हणाले. दोन वर्षं त्यांनी मनातल्या मनात मोजून पाहिली. “निहारिका, तू मघाशी विचारलंस ना, मुद्दाम केलं का म्हणून. पिशवी घातली ती मुद्दाम नव्हती गं. काढली ती मुद्दाम.”

तिचा आवाज जड झाला होता.

“कपडे बदला आधी,” ती म्हणाली. “मी निघालेय, घरीच येतेय.”