एक बोट माया

मी कात्री बोलतेय. बोलायचा हक्क मला आहेच. एखादी बाई जरा भराभर बोलली की लोक म्हणतात, हिची जीभ कात्रीसारखी चालते. माणूस अडचणीत आला की कात्रीत सापडला. सुई जोडते आणि कात्री तोडते, असंही शहाणी माणसं सांगतात. या शहाण्यांनी कापड न कापता एक शर्ट शिवून दाखवावा, मग मी जन्मभर गप्प बसेन.

तशी मी शिंप्याची ऐटबाज कात्री नव्हे. वीतभर लांब, काळ्या मुठीची, सोलापुरातल्याच एका लोहारानं घडवलेली. माझा जन्म विडीची पानं कापायला झाला. पहिली मालकीण कमलम्मा. रेल्वे रुळाच्या कडेला झोपड्यांची रांग होती, तिथं दारात बसून ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पानावर पत्र्याचा एक छोटा तुकडा ठेवायचा आणि त्याच्या कडेनं मला फिरवायचं, हे आमचं काम. पत्र्याबाहेर केसभर पान राहिलेलं तिला खपत नसे. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला पान वाया घालवून चालत नाही.

डोळ्यांनी दगा दिला तेव्हा कमलम्मा लेकीकडे राहायला गेली आणि जाताना मला शेजारच्या वच्छलाच्या हातात ठेवून गेली. वच्छला मूळची केम गावची. नवऱ्यानं दुसरा घरोबा केला तेव्हा ही रडत माहेरी गेली नाही. रुळाकडेला चार बांबू, दोन पत्रे उभे केले आणि विड्या वळायला बसली. झोपडीच्या दाराला भोक पडलं तर गोडेतेलाचा डबा उसवून, ठोकून सपाट करून तिनं तो स्वतः दारावर मारला. त्या दाराचा तिला फार अभिमान होता.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. एके दिवशी माणसं आली आणि दारादारावर लाल रंगानं आकडे टाकून गेली. वच्छलाच्या डब्याच्या पत्र्यावर ७४ आला. पुढे महिन्याभरात पिवळं मशीन आलं. वच्छला दाराला धरून उभी होती. रस्त्याचा साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, आता या जागेची माया सोडा." तिनं दाराचा पत्रा उचकटून काखेत मारला आणि माया सोडली. निदान सोडल्यासारखं केलं.

होटगीच्या अंगाला, शहर संपतं तिथं, त्यांना खोल्या मिळाल्या. पक्क्या भिंती, नळ, डोक्यावर स्लॅब. पण विडीचा कारखाना राहिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पानं आणायची कुठून आणि विड्या द्यायच्या कुठं? घर मिळालं आणि हात रिकामे झाले. वच्छलाचा भाऊ अजिनाथ केमहून फोन करायचा, "आक्का, ये की हिकडं. दोन भाकरी काय जड हायत आमाला?" भाऊ मनानं चांगला होता. पण भावाच्या चुलीपुढं हात पसरून बसायला वच्छला तयार नव्हती. तरी खोलीत आल्यापासून तिनं ट्रंक उघडून सामान लावलं नव्हतं. मी, विडीचा पत्रा आणि डब्याचा तो ७४ नंबरचा पत्रा, सगळे त्या ट्रंकेतच.

त्या वस्तीच्या सभागृहात एका संस्थेनं शिवणाचा वर्ग काढला. बुद्धप्रिया नावाची पंचविशीतली मुलगी शिकवायला यायची. सगळ्या चाळिशीच्या बाया तिला मॅडम म्हणायच्या आणि ती त्यांना मावशी. सात मशीनं होती, पण ती वस्तीची नव्हती. संस्थेची अट साफ होती. तीन महिन्यांनी एका शाळेच्या तिसरी आणि पाचवीचे साठ शर्ट शिवून द्यायचे. शाळेनं पसंत केले तर मशीनं इथंच राहतील आणि बायांचा धंदा उभा करून देऊ. नाहीतर मशीनं टेंपोत भरून पुढच्या वस्तीला जातील. वच्छलानं मनाशी आणखी एक अट घातली होती. मशीनं राहिली तर ट्रंकेतलं सामान लावायचं, गेली तर केमची गाडी धरायची.

हात तिचा सरळ चालायचा. टेपवरचे आकडे मात्र तिला डासांसारखे दिसत, एक धरावा तर दुसरा उडे. म्हणून मॅडम खडूनं खुणा करून द्यायच्या आणि वच्छला कापायची. मोठ्या कात्रीनं तिचा अंगठा दुखायचा, तेव्हा ट्रंकेतून काढून, धार लावून तिनं मलाच कामाला घेतलं. पानावरून कापडावर बढती झाली, मला आभाळ ठेंगणं झालं.

आणि तिथंच घोळ झाला. कापताना शिवणीसाठी कडेनं जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. हे मॅडमनी ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी वच्छला खोलीच्या कागदासाठी कचेरीत रांगेत उभी होती. शाळेचं कापड आलं, मॅडमनी पाचवीच्या शर्टांच्या खुणा केल्या आणि घाईत म्हणाल्या, "मावशी, माया सोडून कापा हं, विसरू नका."

वच्छलाचा चेहरा मी खालून पाहत होते. तिला वाटलं, इथंही तेच. साहेब म्हणाला तेच ही पोरगी म्हणते. माया सोडा आणि कापा. तिनं ओठ आवळले आणि कमलम्माच्या कायद्यानं खुणेवरून, केसभरही बाहेर न जाता, मला चालवलं. बारा शर्टांचं कापड मी त्या दुपारी कापलं. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, म्हणूनच मला आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रंभाबाईनं पहिला शर्ट जोडला. बघते तर शर्ट आखूड, तोकडा, बगलेत धरणारा. रंभाबाई वस्तीतली सर्वांत मोठी, तोंडानं माझ्याहून तिखट. "वच्छे, माया कुटं गेली ह्याची?"

"सोडली की. मॅडमच म्हनल्या, माया सोड म्हनून."

सगळं सभागृह हसलं. हसू ओसरल्यावर रंभाबाई म्हणाली, "हसताय काय? तुज्यापायी मशीनी जात्यात आमच्या." मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता, कारण चूक अर्धी त्यांचीही होती.

पुढच्या दिवशी सकाळी वच्छलानं ट्रंक उघडली ती मला आत ठेवायला. केमला जायचं ठरलं होतं. मला ठेवताना तिच्या हाताला विडीचा तो छोटा पत्रा लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, "पानाला कुटं टेप लागत हुती? पत्र्यातच माप हुतं की."

तिनं डब्याचा ७४ नंबरचा पत्रा बाहेर ओढला आणि तो काखेत मारून तडक सभागृहात गेली. मॅडमना म्हणाली, "ह्या पत्र्यावर मला पाठ, पुढा, बाही काडून द्या. पर कडंनं माया आतच धरून काडा. मंग आकडा वाचायला नको, इसरायला नको."

मॅडमनी आखलं. वच्छलानं मला हातात घेतलं. पत्रा कापणं हे कात्रीचं काम नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, कात्री जाईल तुमची." वच्छला म्हणाली, "जाऊ द्या." मी कुरकुरले, किरकिरले, पण कापलं. शेवटच्या बाहीला माझ्या पात्याला खोल खाच पडली. त्यानंतर मी एक सूतही सरळ कापू शकले नाही. आणि खरं सांगते, मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

पत्र्याचे फर्मे, म्हणजे कापायचे साचे, तयार झाल्यावर कामाला चाकं लागली. ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्याही कापू लागल्या. बारा शर्टांची काळजी रंभाबाईनंच मिटवली. तिनं एक शर्ट आपल्या नातवाच्या अंगात घातला आणि म्हणाली, "तिसरीच्या पोराला बेस बसतोय. कापड एकच हाय. तिसरीच्या वाट्याचं कापड पाचवीला घ्या." शिक्षणावाचून माणसाला अक्कल येत नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला या बाईकडे पाठवा.

शर्ट घ्यायला शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः आल्या. त्यांनी पाचवीचा एक शर्ट उलटा केला, शिवण ओढून पाहिली. आत एक बोटभर कापड दुमडलेलं दिसलं. भुवया वर करून त्यांनी विचारलं, "एवढं कापड आत का ठेवलंय?"

सगळ्यांनी वच्छलाकडे पाहिलं. ती उभी राहिली. "बाई, पोरं वाडत्यात की. फुडल्या वर्सी टीप उसवली की शर्ट सैल हुतोय. आई-बापाला नवा घ्यावा लागत न्हाय."

मुख्याध्यापिकांनी शर्ट पुन्हा सुलटा केला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आमची सगळी शाळा तुमच्याकडे." रंभाबाईनं वच्छलाच्या पाठीत असा धपाटा घातला की ती टेबलावर आपटली.

टेंपो आला, पण मशीनं न्यायला नव्हे, आणखी पाच मशीनं घेऊन. संस्थेनं शब्द पाळला. आज त्या सभागृहात बारा मशीनं धडधडतात आणि तीन शाळांचे गणवेश शिवले जातात. अजिनाथ बहिणीला न्यायला म्हणून आला होता, तो पोरांसाठी दोन शर्ट घेऊन परत गेला. वच्छलानं सामान लावलं. ट्रंकेत आता चिंध्या असतात.

मी भिंतीवर खिळ्याला आहे, फर्म्यांच्या शेजारी. पाठीच्या फर्म्यावर लाल ७४ अजून दिसतो. खंडेनवमीला विजेच्या मशीनांआधी हळदकुंकू मला लागतं. नव्या कात्र्या खालून बघतात, बघू देत.

परवा एक नवी बाई आली. दुसऱ्या कुठल्या रस्त्यापायी तिचंही घर गेलेलं. वच्छलानं तिच्या हातात कापड आणि फर्मा दिला. बाईनं पत्र्याच्या कडेवर बोट ठेवून विचारलं, "ही कड येवडी भाईर कशाला?"

"ती माया."

"माया म्हंजी?"

वच्छलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या लाल आकड्याकडे. मग त्या बाईचा हात हातात घेऊन कडेवरून फिरवला. "कदी उसवायची येळ आलीच, तर परत जोडायला हाताशी असावं, म्हनून जरा जास्तीचं ठेवत्यात, ती माया. सोड म्हनलं की टाकायची नसती बग. ठेवायची असती."

मी तोडणाऱ्यांच्या जातीची. तरी तुम्हाला सांगते, तिचं ऐका.