सायगाव ते हनोई, एकटी

घाटकोपरची चाळ पाडून टॉवर झाला, तरी राजेश आणि श्यामसुंदर या दोघा भावांना मिळून एकच घर आलं. हॉल थोरल्या श्यामसुंदरचा, बेडरूम धाकट्या राजेशची, स्वयंपाकघर दोघांचं. फ्रिजही दोघांचाच, पण कप्पे वाटलेले. एकाच्या कप्प्यात दुसऱ्याची कोथिंबीर गेली तरी संध्याकाळपर्यंत भांडी आपटली जायची.

त्या फ्रिजच्या दारावर राजेशच्या मुलीने, ऋतिकाने, व्हिएतनामचा नकाशा चिकटवला. ती सतरा वर्षांची, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. सायगावला विमानातून उतरायचं आणि तिथून रेल्वेने थेट उत्तरेला हनोईपर्यंत जायचं, एकटीने. त्यासाठी तिने बिल्डिंगमधल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. कुठे उतरायचं, कुठे राहायचं, सगळं ठरलं होतं. घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं. ते तोंडाने जमेना, म्हणून नकाशा.

रविवारी जेवणाच्या वेळी श्यामसुंदरकाकांनी तो पाहिला. लाल पेनाने काढलेल्या रेघेवरून बोट फिरवत विचारलं, "हे काय?"

"माझा ट्रेनचा प्रवास. मे महिन्यात."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

काका चिडले की मालवणीत शिरायचे. "कोणाक इचारून गो?"

ऋतिकाने तोंड उघडलं, पण उत्तर तिच्या मागून आलं.

"मला विचारून," राजेश म्हणाला.

तिने वळून पाहिलं. पप्पांना तिने एका शब्दानेही विचारलं नव्हतं. आई, शीतल, बांगड्याचं तिखलं वाढता वाढता डाव हातात धरून तशीच थांबली.

"एकट्या चेडवाक परदेशात धाडतलंस?" काकांचा आवाज चढला. "लोक तोंडात शेण घालतील!"

"माझी मुलगी आहे, दादा. तुझ्या पोराला कुठे पाठवायचं ते तू बघ."

काका ताटावरून उठले. राजेश मात्र त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

दुपारी बेडरूमचं दार लोटून ऋतिका राजेशजवळ बसली; आई पलंगाच्या कडेवर कपड्यांच्या घड्या घालत होती. "पप्पा, थँक्यू. मला वाटलंच नव्हतं तुम्ही..."

"कसलं थँक्यू? नकाशा काढून टाक," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "त्याचं तोंड बंद करायचं होतं. झालं."

ऋतिकाची कानशिलं तापली. ती उठली, तिने दार उघडलं. हॉलमध्ये काका टीव्हीसमोर धुमसत बसले होते.

"कुठे चाललीस?"

"काकांना सांगायला. पप्पा खोटं बोलले म्हणून."

"थोबाड फोडीन, ऋतिका!" राजेश दबक्या आवाजात ओरडला. टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. काका कान देत होते. राजेशने उठून तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"बोल," तो म्हणाला. "बघू काय दिवे लावलेस ते."

मग उलटतपासणी सुरू झाली. तिचा बेत मोडून काढायचाच, या इराद्याने तो विचारत होता. गाडी चुकली तर? पुढची पकडेन. पासपोर्ट हरवला तर? भारतीय वकिलातीत जाईन. भाषा? मोबाइल आहे.

"आणि कोणी अंगाला हात लावला तर?"

"काकांच्या नितेशदादाच्या मित्राने इथे, आपल्याच लिफ्टमध्ये लावला होता," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही म्हणालात, घरात बोलू नकोस, दादाशी वाद होतील."

आईने हातातली घडी खाली ठेवली. ती नवऱ्याकडे बघत राहिली. राजेशने नजर खाली घेतली.

"वाटेत ह्युए स्टेशनला रात्री पोचतेस," तो तिच्या मोबाइलमधल्या वेळापत्रकावर बोट ठेवून म्हणाला. "ते नाही चालणार. सकाळची गाडी घे."

ते बरोबर होतं. तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पण तसं कबूल करायला ती तयार नव्हती. तिने मुकाट्याने गाडी बदलली.

पुढचे सगळे दिवस घरात अबोला होता. काका फ्रिज उघडताना नकाशाकडे पाठ करायचे. तिला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून लागणाऱ्या पालकांच्या संमतीपत्रावर राजेशने सही केली, तीसुद्धा कागद जवळजवळ फेकत. ऋतिकानेही तो उचलला आणि तशीच खोलीबाहेर गेली.

मे महिन्यात तो तिला रिक्षाने विमानतळावर सोडायला आला. अंधेरीपर्यंत तो रिक्षाबाहेर बघत होता, ती मोबाइलमध्ये. दारावरच्या जवानाने तिचा पासपोर्ट पाहिला, मग तिच्याकडे, मग राजेशकडे.

"अकेली जा रही है?"

"हां, अकेली," राजेश त्याच्या अंगावर धावल्यासारखा म्हणाला. "कुछ तकलीफ है?"

जवानाने खांदे उडवून पासपोर्ट परत दिला. ऋतिका आत शिरून वळेपर्यंत राजेश रस्ता ओलांडून गेलासुद्धा होता.