युनने कोरी सोडलेली जागा

चीनमध्ये हांगचौला तळ्याकाठी जी कलाशाळा आहे, तिथे शाईची चित्रं शिकवायची एक शिस्त आहे. चित्र आधी, शब्द शेवटी. डोंगर काढा, बांबू काढा, खेकडा काढा, पण कोपऱ्यात शब्दांसाठी जागा सोडा. चित्र वाळलं की त्या जागेत दोनचार ओळी लिहा आणि खाली आपल्या नावाचा लाल शिक्का उठवा. कागद असा हावरट की शाई टेकली रे टेकली की पिऊन मोकळा होतो. खोडाखोडीची सोयच नाही. महिनाभर खपून काढलेलं चित्र शेवटच्या एका अक्षरापायी मातीत जातं आणि मग पोरं तळ्याकाठी जाऊन उगीच पाण्याकडे बघत बसतात.

लुओ युनश्या अशी बरेचदा जाऊन बसलेली होती. घरचं नाव युन. घर म्हणजे पार तिकडे क्वेचौच्या डोंगरातलं एक लहानसं गाव, आणि घरात माणूस म्हणाल तर एक आई. बाप युन शाळेत असतानाच गेला. आई बसस्टँडच्या भिंतीला टेकून शिलाई मशीन घेऊन बसायची आणि लोकांचे फाटके-उसवलेले कपडे दुरुस्त करायची. त्या मशीनवर मुलगी हांगचौपर्यंत पोचली होती, हे युनला कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या खोलीतल्या पेइपेइने तिच्या गावाकडच्या हेलाची नक्कल केली. पेइपेइ शांघायची, तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हे. सगळ्या हसल्या, युनही हसली. पण त्या दिवसापासून तिने तोंडात जी गुळणी धरली ती धरलीच. खाणावळीत ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. रविवारी सगळं गाव तळ्यावर जोडीजोडीने फिरायचं, तेव्हा ही खोलीत शाई उगाळत बसायची. एकटेपणाची सवय होते म्हणणाऱ्याने तो कधी भोगलेला नसतो, एवढंच मी म्हणेन.

चित्रं मात्र ती चांगली काढायची. घोडं अडायचं ते शब्दांपाशी.

पहिल्या वर्षी तिने सगळ्यांसारखं केलं. जुन्या कवींच्या ओळी उचलायच्या आणि वर डकवायच्या. मेंग सर चित्रासमोर उभे राहिले. म्हातारा किडकिडीत माणूस, जीभ तिखट.

"ओळी चांगल्या आहेत," सर म्हणाले. "पण हे पाहुणे आहेत. तुझ्या घरात येऊन बसलेत आणि पायातलं काढायलासुद्धा तयार नाहीत."

दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच्या कविता लिहिल्या. धुकं, चंद्र, परका गाव, असलं सगळं. एका चित्रात तिने रिकाम्या पाण्यावर एकच बदक काढलं होतं. चित्र खरोखर सुरेख होतं. सरांनी ते बघितलं, वरची ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला.

"बदक एकटं आहे हे दिसतंय की गं. वर परत 'एकटं बदक' कशाला? आम्ही काय आंधळे आहोत?"

वर्ग खो खो हसला. युनने ते चित्र घडी करून गादीखाली घातलं.

तिसऱ्या वर्षी ती हट्टाला पेटली. चित्रच लहान केलं आणि बाकी कागद शब्दांनी भरून काढला. एका कोपऱ्यात इवलासा दगड आणि त्याच्याभोवती अक्षरांची ही गर्दी. सर त्यावर काहीच बोलले नाहीत, नुसते पुढच्या मुलाकडे सरकले. हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

आता आईच्या फोनचं सांगायला हवं. संध्याकाळी मशीनवर कापड झाकलं की आई फोन लावायची. रोज. सुरुवात ठरलेली. "मी जेवले हो. तू जेवलीस का?" युन म्हणायची, "हं." मग आई गावातलं काहीबाही सांगत सुटायची. युन फोन टेबलावर उघडा ठेवून काम करत राहायची आणि मधूनमधून "हं" म्हणायची. तिला आईचा कंटाळा होता असं कुणी समजू नये. उलट आपण एक शब्द जास्त बोललो तर रडू फुटेल, मग आई घाबरेल, मशीन टाकून गाडीत बसेल, अशी तिला धास्ती. तेव्हा "हं" बरं. "हं"मध्ये काही सांडत नाही.

शेवटच्या वर्षी, थंडीत, ती खोलीतला गरम पाण्याचा थर्मास समोर ठेवून नुसताच काढत होती. पलीकडून आई सांगत होती.

"अगं, आज गंमत झाली. एक माणूस पँटची चेन बदलायला आला. म्हणाला, थांबतो. मी म्हटलं, थांब. तेवढ्यात त्याची बस लागली, आणि हा बाबा पँट माझ्याकडे टाकून पळाला की बसमधे!"

"हं," युन म्हणाली. कुंचला भिजलेला होता. शाईचा दाटपणा बघावा म्हणून तिने थर्मासच्या बाजूला, ऐकता ऐकता, तेच लिहून काढलं. 'तो माणूस बसमध्ये चढला. पँट माझ्याकडेच राहिली.' शाळेतली कमावलेली अक्षरं नव्हती ती, हात मोकळा सुटला होता. वर अर्धा कागद कोराच होता.

टाकून द्यायच्या कागदांत ते चित्र सरांना सापडलं. वाचून ते फिस्सकन हसले. मग हसू विरलं तरी चित्र त्यांनी खाली ठेवलं नाही.

"हे कोण बोलतंय?"

"आई," युन म्हणाली.

"बोलू दे तिला," सर म्हणाले. "तू मधे येऊ नकोस."

झालं. युनला वाट मिळाली. आता ती संध्याकाळची वाट बघू लागली. आधी समोर दिसेल ते काढायचं, दांडीवरची ओली छत्री, खिडकीतलं कांद्याचं रोप, पेइपेइच्या उलट्या पडलेल्या चपला. मग फोन यायचा आणि आईच्या बोलण्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं त्याशेजारी उतरायचं. छत्रीशेजारी, 'यंदा मिरची वाळतच नाही, आभाळ नुसतं बसून आहे.' चपलांशेजारी, 'तुझ्या बाबांचे बूट अजून बुरशी पकडत नाहीत, चांगल्या कातड्याचे होते.' आधीचं धुकं न् चंद्र कुठल्या कुठे गेले. सुरुवातीचं ते जेवण्याचं वाक्य मात्र तिने कुठेच घेतलं नाही. रोजचंच ते, त्यात काय लिहायचं! आणि प्रत्येक चित्रात वरची मोठी जागा कोरी राहायची. ती का सोडते ते तिचं तिलाही माहीत नव्हतं, पण तिथे काही लिहायला गेलं की हात थबकायचा. सर त्या कोऱ्या जागेवर फार खूश होते.

शाळेच्या शेवटच्या प्रदर्शनात तिला अख्खी भिंत मिळाली. आईला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं, नुसतं "ये" म्हणाली होती. चार वर्षांत तिने पहिल्यांदा "ये" म्हटलं आणि आई निघाली. साध्या गाडीने, बसून, मांडीवर धुरावलेल्या मांसाचं गाठोडं आणि मिरचीची बरणी घेऊन. अंगात स्वतः शिवलेला निळा कोट.

दालनात शिरल्यावर आई आधी भिंतीपासून लांब उभी राहिली. हात पुसले. मग पुढे झाली आणि वाचू लागली.

"अगं बाई! ही तर चेनवाल्याची पँट!" ती एवढ्याने ओरडली की लोक वळून बघायला लागले. "आणि हे मिरचीचं! हे मीच म्हटलेलं ना गं? तू लिहून ठेवलंस होय, चोरटे!"

पेइपेइ धावत आली. "काकू, तुम्ही त्या? आम्हाला सगळ्यांना तुमची वाक्यं पाठ आहेत!" आई लाजली, तोंडावर हात धरून हसली. युनला वाटलं, हा आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

आई पुढे सरकत गेली. एकेक चित्र. हळूहळू तिचं हसणं कमी झालं. बुटांपाशी ती बराच वेळ थांबली. शेवटी पुन्हा पहिल्या चित्राकडे आली आणि या खेपेला शब्द न वाचता वर बघत राहिली.

मेंग सर आले. "युनच्या आई, नमस्कार. मुलीने नाव काढलं. सगळे शब्दच बघतात, पण खरी कमाल ही वरची आहे." त्यांनी कोऱ्या जागेवरून हात फिरवला. "इथे काही नाही, म्हणून तर जीव आहे. अशी जागा सोडायला उमर जावी लागते."

"हो सर," आई अदबीने म्हणाली. "ही जागा मला ओळखीची आहे. फोनवर असतेच की रोज."

सरांना तो विनोद वाटला असावा. ते मोकळं हसले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले. युन मात्र आईजवळ सरकली.

"आई, तसं नाही..."

"अगं, रागावून नाही म्हटलं." आईने तिच्या दंडाला हात लावला. "मी बोलते, बोलते, आणि थांबते. मग पलीकडे हे असं असतं. मला वाटायचं लाइन गेली. म्हणून मी पुन्हा बोलायची. एवढं सगळं मीच बोललेय होय गं?"

सवयीने युनच्या तोंडून "हं" निघालं. आईने तिच्याकडे बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

"चित्रात नंतरही लिहिता येतं ना?" तिने विचारलं. "का एकदा टांगलं की संपलं?"

"येतं. वर्षांनीसुद्धा लिहितात."

"मग बरं केलंस जागा ठेवलीस," आई म्हणाली आणि गाठोडं सोडायला लागली, कारण मांस कोंदलं असेल याची तिला काळजी होती. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. कपडे खोळंबले होते.

प्रदर्शन उतरवायच्या दिवशी युनने थर्मासचं चित्र भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं. बाकीची मुलं खिळे उपटत होती, खिदळत होती. तिने शाई उगाळली आणि कुंचला भिजवून कोऱ्या जागेवर धरला. काय लिहायचं? 'मी बरी आहे' खोटं होतं. 'मला इथे कुणी नाही' हे खरं होतं, पण ते वाचायला आई चित्रासमोर थोडीच असणार होती? कागदावर उत्तर देऊन तिला काय ऐकू जाणार? दालनात संध्याकाळचं ऊन तिरपं आलं होतं. तिकडे आता आई मशीनवर कापड झाकत असेल. थोड्या वेळात तिचाच फोन येईल आणि ती म्हणेल...

युनने कुंचला खाली ठेवला आणि फोन उचलला. आपण आईला आपणहून कधी फोन केला, हे तिला आठवेना.

"काय झालं?" आईचा आवाज फाटला होता. "आजारी आहेस? पडलीस का?"

"नाही गं. काही नाही झालं."

"मग फोन कसा केलास?"

"असाच. आई, जेवलीस का?"

पलीकडे काहीच नाही. दूर एक बस भोंगा वाजवून गेली. युनला वाटलं, लाइन गेली. या शांततेत माणूस कसा घाबरतो ते तिला आता कळलं.

"आई?"

"नाही गं," आई म्हणाली. आवाज इतका लहान की युनने फोन कानावर दाबला. "नाही जेवले."

"सकाळपासून?"

"तसं नाही. दुपारी भाताला गरम पाणी घालून दोन घास खाल्ले. संध्याकाळी नाही करत मी. एकटीसाठी चूल कुठे पेटवायची?"

"पण रोज तर म्हणतेस, जेवले म्हणून!"

"तू विचारायच्या आधीच सांगून टाकायची," आई म्हणाली. "तू काही विचारायची नाहीस. मग निदान तेवढं तरी उरकून घ्यायची."

युनचे डोळे वाहू लागले. इतकी वर्षं ज्याची भीती धरली होती ते रडू आलं, आणि आई घाबरली नाही, गाडीत बसली नाही. नुसती ऐकत राहिली.

"ऊठ," युन नाक ओढत म्हणाली. "घरी जा, भात लाव. फोन ठेवायचा नाही. भात होईपर्यंत मी बोलते."

"तू?" आई म्हणाली. "तू काय बोलणार?"

"ऐक तर. इथे खाणावळीत एक भिंत आहे," युनने सुरुवात केली, "आणि मी रोज तिच्याकडे तोंड करून जेवते."