आडवी शिंपली

सासूबाईंच्या तळव्यांना डोळे आहेत, असं खाडीवर सगळेच म्हणत. ओहोटीला पाणी उतरलं की त्या अनवाणी चिखलात शिरत, पायाने चाचपत चालत, आणि थांबल्या की तिथे शिंपली असणारच. सून मात्र सुरुवातीला नुसते दगड काढायची. "दगडांची भाजी करणार आहेस का?" असं त्या चारचौघांत विचारत. सुनेला भारी राग येई. पण शिकली ती त्यांच्याकडूनच.

मग सासूबाईंना साखरेचा आजार जडला आणि तळवे बधिर झाले. फुटक्या शिंपलीने पाय कापला तरी त्यांना पत्ता नव्हता. मागून येणाऱ्या सुनेलाच रक्त दिसलं. जखम चिघळली. मुलाने ठणकावलं, "आता पुरे. घरी बस." जखम भरली तशा सासूबाई रबरी बूट घालून निघाल्या. "ज्या दिवशी टोपली रिकामी येईल, त्या दिवसापासून घरी बसेन," म्हणाल्या.

बुटातून काय कळणार, कपाळ! पण ही बाई घरात बसली तर झुरून जाईल, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती पुढे चालू लागली. आपल्या टोपलीतली एकेक शिंपली चिखलात दाबायची, वर टाचेचा खळगा करायचा आणि सरकायचं. सासूबाई मागून येऊन त्या खळग्यात हात घालत. त्यांची टोपली भरू लागली, मुलगाही गप्प झाला. चोरी पचली म्हणून सून मनात खूश होती.

एका सकाळी त्यांनी हाक मारली. "अगं, इकडे ये. ही बघ. खाडीतली शिंपली चिखलात उभी असते, नळ्या वर काढून पाणी ओढत. तू पेरलेली मात्र आडवी सापडते."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"मला घरी बसायचं नव्हतं." एरवी कुणाला न दबणारी बाई खाली बघून बोलत होती.

सासूबाईंनी आपली टोपली तिच्या टोपलीत उपडी केली. मग बाह्या सारून चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी शोधायला लागल्या. एक दगड निघाला. दुसरा निघाला. सून या वेळी पुढे गेली नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

"उभी होती," त्या म्हणाल्या आणि ती एकच शिंपली आपल्या टोपलीत टाकली. "चल. रिकामी नाही आता."